सेफ्टी शूज आणि शांतीची वहाण

पिंपरीकडच्या काळेवाडीत किंवा मोशीत एखाद्याच्या घरी प्रार्थनासभा असली की मजला विचारावा लागत नाही. जिन्यातल्या चपलाच वाट दाखवतात. बायकांच्या सँडल, मुलांच्या रबरी स्लिपर, एखाद्या आजोबांच्या टाच झिजलेल्या वहाणा आणि त्यांत हमखास एक-दोन जोड काळ्या, जड बुटांचे. त्यांचे टोक फुगीर असते, कारण आत बोटांवर पोलादी टोपी बसवलेली असते. तळव्याच्या खाचांत धातूचा बारीक कीस अडकलेला असतो. पहिली पाळी सुटल्यावर चाकणहून कंपनीच्या बसने थेट आलेला कोणीतरी आत सतरंजीवर मांडी घालून बसलेला असतो आणि त्याचे सेफ्टी शूज बाहेर भिंतीला टेकून उभे असतात.

बायबलमधल्या पौलाच्या पत्रातला एक अवघड शब्द मला त्या जिन्यात उमगला.

इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात विश्वासणाऱ्याच्या अंगावर सैनिकाची सगळी सामग्री चढवली आहे: कमरपट्टा, उरस्त्राण, ढाल, शिरस्त्राण, तरवार. मधेच पायांची पाळी येते. पायांत काय घालायचे, तर शांतीच्या सुवार्तेची तयारी. मराठी पवित्र शास्त्रात इथे ‘सिद्धता’ हा शब्द येतो, मूळ ग्रीकमध्ये ‘हेतोइमासिया’. युद्धाच्या सामानाच्या यादीत शांती यावी आणि तीही पायांत, याचे मला लहानपणापासून नवल वाटत आले.

पत्र ऐकणाऱ्यांनी असे जोडे रोज पाहिले होते. रोमी सैनिकाच्या ‘कालिगा’ला चामड्याच्या अनेक थरांचा तळ असे, त्यात लोखंडी खिळे ठोकलेले असत आणि वर पट्ट्यांची जाळी घोट्यापर्यंत बांधलेली असे. रोमी सैन्याचे निम्मे बळ चालण्यात होते आणि ते चालणे या खिळ्यांवर उभे होते. मातीत, चढावर, ओल्या गवतात ते घट्ट पकड देत. गुळगुळीत दगडावर मात्र घात करत. इ.स. ७० मध्ये यरुशलेमच्या वेढ्यात युलियानुस नावाचा एक शतपती एकटाच शत्रूवर तुटून पडला. मंदिराच्या फरसबंदीवर त्याचे खिळ्यांचे जोडे घसरले, तो उताणा पडला आणि मारला गेला. ही हकीगत योसेफस या यहुदी इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. माणूस शूर होता, पण पायांखालच्या जमिनीला ते जोडे साजेसे नव्हते. शॉप फ्लोअरवर सांडलेल्या कूलंटवरून पाय सटकलेल्या कामगाराला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

‘हेतोइमासिया’चा अर्थ काही अभ्यासक ‘निघायची तयारी’ असा करतात. काहींना तिथे ‘भक्कम पाया’ दिसतो, कारण जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात हा शब्द काही ठिकाणी त्या अर्थाने आला आहे. मला दोन्ही पटतात. चांगला बूट माणसाला चालवतोही आणि एका जागी घट्ट उभाही ठेवतो. शिवाय या ओळीमागे यशया संदेष्ट्याने रंगवलेले एक जुने चित्र आहे. वेढ्याने खचलेले शहर, डोंगरावरून धावत येणारा निरोप्या आणि तो शांतीची बातमी आणतो आहे म्हणून सुंदर दिसणारे त्याचे धुळकट पाय. पौलाने त्या निरोप्याच्या पायांत सैनिकाचे जोडे घातले. बातमी शांतीची असली तरी वाट खडकाळच आहे, हे त्याला ठाऊक होते.

शांती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे समईची ज्योत येते, मिटलेले डोळे येतात. हिब्रू ‘शालोम’चा वावर मात्र बाजारात, शेतात, बांधकामावर जास्त. या शब्दाच्या धातूत ‘पुरे असणे, अखंड असणे’ हा भाव आहे आणि त्याच धातूपासून ‘भरपाई करणे, देणे चुकते करणे’ हे क्रियापद येते. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात एक साधा कायदा आहे. कोणी खड्डा खणला, तो झाकला नाही आणि त्यात शेजाऱ्याचा बैल पडून मेला, तर खड्ड्याच्या मालकाने भरपाई द्यायची. ‘भरपाई द्यायची’ यासाठी तिथे शालोमच्याच कुळातला शब्द आहे. अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात आणखी एक नियम सापडतो: नवे घर बांधाल तेव्हा गच्चीला कठडा घाला, कोणी वरून पडले तर त्याच्या रक्ताचा दोष तुमच्या घरावर येईल. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्राच्या फिरत्या भागांना गार्ड बसवण्याची सक्ती केली. ते कलम वाचताना मला हा कठडाच आठवतो. पॉवर प्रेसवर बोटे गमावलेली माणसे या पट्ट्यात कमी नाहीत. त्यांच्याकडे पाहिले की कळते, शांती आधी खड्डा झाकण्यात असते, प्रार्थना त्यानंतर.

यिर्मया संदेष्ट्याचा राग याच ठिकाणी आहे. जखम खोल असताना वरवर पट्टी बांधून सगळे शांत आहे, शांत आहे असे सांगणाऱ्यांवर तो कडाडतो. अपघाताची नोंद होऊ न देणारी शांतता, घरातली मारहाण शेजाऱ्यांना कळू न देणारी शांतता, मंडळीत दोन कुटुंबे वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नसताना प्रभुभोजनाच्या पंगतीत पाळली जाणारी शांतता. बायबलच्या लेखी यांपैकी एकही शालोम नाही. डोंगरावरच्या प्रवचनात येशू ज्यांना धन्य म्हणतो ते शांती ‘करणारे’ आहेत. ग्रीक शब्दात ते ‘करणे’ उघड दिसते, एखादी वस्तू घडवावी तसे. नगरकडच्या जुन्या मराठी ख्रिस्ती घरांत भेटल्यावर ‘सलाम’ म्हणायची रीत होती. तोही याच शब्दाचा भाऊबंद.

नगरचे नाव घेतले ते उगाच नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरात, आताच्या अहिल्यानगरात, काम सुरू केले. पुढे राहुरी, नेवासे, श्रीरामपूर, जालना या भागांत मराठी ख्रिस्ती वस्त्या वाढल्या. इकडे पिंपरीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी होती. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि मग स्कूटर, ट्रक, सुटे भाग यांचे कारखाने आले. १९७२ च्या दुष्काळाने गावाकडची माणसे हलली. त्यांत ही ख्रिस्ती कुटुंबेही होती. सोबत ट्रंक, शिफारसपत्र आणि ‘उपासनासंगीत’ हे गीतांचे पुस्तक. त्यांच्यामागून केरळ, तमिळनाडू, आंध्र, गोवा, झारखंड इथली माणसे आली. आज रविवारी या शहरात मराठी, हिंदी, इंग्रजी, तमिळ, मल्याळम इतक्या भाषांत उपासना होतात.

परक्या शहरात नेलेल्या अशाच लोकांना यिर्मयाने पत्र लिहिले होते. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या उंबरठ्यावर यरुशलेमहून बाबेलला नेलेले ते लोक परतीचे दिवस मोजत बसले होते. यिर्मयाने त्यांना कळवले की घरे बांधा, बागा लावा, लेकरांची लग्ने करा आणि ज्या शहरात तुम्हाला नेले आहे त्याचे कल्याण चिंता, कारण त्याच्या कल्याणातच तुमचे कल्याण आहे. ‘कल्याण’ म्हणजे मुळात शालोम, तो शब्द त्या एका वाक्यात पुन्हा पुन्हा येतो. आमच्याकडे पहिल्या पिढीतली कितीतरी माणसे ‘रिटायर झालो की गावी जाऊ’ म्हणत राहिली. गेली फार थोडी. ज्यांनी हे शहर आपले मानले त्यांनी शाळेच्या समितीत, रक्तदानाच्या रांगेत, सोसायटीच्या पाण्याच्या भांडणात स्वतःला गुंतवले. यिर्मयाला अभिप्रेत होते ते हेच, असे मला ठामपणे वाटते.

या पट्ट्यातल्या मंडळ्यांची एक अडचण बाहेरच्यांना सहसा कळत नाही. इथल्या पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार वाटून देण्यासाठी उद्योगांना सुट्टीचे वार नेमून दिले गेले, त्यात पिंपरी-भोसरीकडे गुरुवार आला. म्हणजे प्रभूचा दिवस आणि कामगाराचा मोकळा दिवस यांची गाठच पडत नाही. भारतीय गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. लोखंडे मूळचे पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचे आणि जोतीराव फुल्यांचे सहकारी. रविवार हा खंडोबाचा वार आहे, ही बाजूही त्यांनी मांडली होती. एका समाजाचा उपासनेचा वार आणि दुसऱ्याचा कुलदैवताचा वार एकत्र येऊन सगळ्यांच्या विश्रांतीचा दिवस झाला, ही मला महाराष्ट्राच्या इतिहासातली फार सुंदर गोष्ट वाटते. बायबलमधला शब्बाथही एकट्या भक्ताचा नाही; दास, दासी, परका, बैल आणि गाढव या सगळ्यांना तो विसावा आहे. त्याच्या आदल्या दिवशी यहुदी घरांत स्वयंपाक, पाणी, दिवे अशी सगळी सिद्धता होई. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये त्या दिवसाला ‘पारास्केवी’ म्हणतात, म्हणजे तयारी, आणि ग्रीसमध्ये शुक्रवारचे नाव आजही हेच आहे.

सुट्टी गुरुवारी आणि उपासना रविवारी, मग माणसे यायची कशी? पाळ्यांप्रमाणे येतात, उशिरा येतात, काही अर्ध्यातून उठून दुसऱ्या पाळीला जातात. इथे मला करिंथ आठवते. ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४४ मध्ये उद्ध्वस्त करिंथ पुन्हा वसवले ते मुख्यतः दास्यातून सुटलेल्या माणसांना आणून. दोन बंदरांचे शहर, बाहेरून आलेल्यांचे, कमावणाऱ्यांचे. तिथे पौल अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या स्थलांतरित जोडप्याबरोबर तंबू शिवायचे काम करत राहिला. अनुभवी हातांचा माणूस होता तो. नंतर त्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात तो एका जेवणाबद्दल रागावला आहे. तेव्हा प्रभुभोजन खऱ्या जेवणाबरोबर होई आणि ते एखाद्या ऐपतदार विश्वासणाऱ्याच्या घरी होई. त्या काळच्या रोमी घरातल्या जेवणघरात आडवे होऊन जेवणारे साधारण नऊ जण मावत, बाकीचे बाहेर अंगणवजा दालनात. ज्यांचा वेळ स्वतःच्या हातात होता ते लवकर येत आणि खाऊन-पिऊन घेत. दास आणि मजूर मालकाने सोडल्यावर येत, तेव्हा भांडी रिकामी झालेली असत. एक भुकेला आणि एक झिंगलेला, आणि दोघे एकाच भाकरीचे भागीदार म्हणवणारे!

पौल यावर जे सांगतो ते इतके साधे आहे की वाचताना नजरेतून निसटते. जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. मूळ क्रियापदाचा अर्थ ‘वाट पाहा’ असाही होतो आणि ‘आदराने आत घ्या’ असाही. देह आणि रक्ताच्या सगळ्या थोर शिकवणीनंतर शेवटी सूचना निघते ती ही, पंगत लावणाऱ्या बाईने द्यावी तशी. आमच्या भागात काही घरसभा रात्री उशिरा ठेवतात, काही गुरुवारी. एका घरी मी पाहिले आहे, सभेनंतर सगळे जेवले, पातेली घासायला गेली आणि ओट्यावर एक ताट दुसऱ्या ताटाने झाकून ठेवलेले राहिले. दुसऱ्या पाळीहून येणाऱ्या एका मुलासाठी होते ते. तो ओडिशाहून आलेला, कंत्राटी कामगार, मराठी जेमतेम कळणारा. त्याला यायला मध्यरात्र झाली. घरची बाई जागीच होती, तिने भाजी गरम करून दिली.

भाषेचा प्रश्नही नवा नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते अशी तक्रार येते. प्रेषित ती दाबत नाहीत. जेवणाच्या व्यवस्थेसाठी सात जण निवडले जातात आणि त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हाती वाढण्याचा डाव दिला गेला. कोणत्याही बहुभाषिक मंडळीने हा प्रसंग दरवर्षी एकदा तरी वाचावा.

तयारी, सेवा आणि शांती या तिन्ही गोष्टी एकाच जागी उभ्या राहिलेल्या पाहायच्या तर पुण्याहून दौंडच्या रेल्वेमार्गावर केडगावला उतरावे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले. संस्था स्वतःच्या पायांवर उभी राहावी म्हणून त्यांनी केडगावला माळजमीन घेतली आणि फळझाडे लावली. त्या वेळी ती जागा कशासाठी उपयोगी पडणार आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील पूर्वी दुष्काळातच गेले होते, त्यामुळे भूक त्यांना पुस्तकातून शिकायची नव्हती. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, विधवा, टाकून दिलेल्या मुलींना घेऊन आल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, शहरात इतक्या जणींना ठेवता येईना. तेव्हा केडगावचा माळ तयार होता. तिथे ‘मुक्ती’ वसली. पुढचा दुष्काळ गुजरातपर्यंत पसरला आणि १९०० पर्यंत तिथल्या रहिवाशांची संख्या दीड हजारांच्या घरात गेली.

दीड हजार माणसे दानावर बसून राहिली असती तर ती वसाहत मोडली असती. रमाबाईंनी प्रत्येकीच्या हाताला काम दिले. शेत, गोठा, माग, तेलघाणी, धुलाई, शाळा, छापखाना. अंध मुलींसाठी बार्तीमी सदन होते, तिथे ब्रेल शिकवत. काल जिला कोणी उचलून आणले ती उद्या दुसरीला न्हाऊ घालत असे. सेवा घेणारी आणि करणारी यांच्यामधली रेघ तिथे पुसली गेली होती. मला या सगळ्यात छापखाना विशेष मोठा वाटतो. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल भाषांतरित करायला घेतले, गावच्या बाईला कळेल अशा मराठीत. सतरा-अठरा वर्षे ते काम चालले. ज्या मुलींना दुष्काळाने अक्षरओळखीआधीच रस्त्यावर आणले होते, त्या खिळे जुळवत होत्या, मराठीचे आणि हिब्रू-ग्रीकचेही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. त्याआधी भाषांतर हातावेगळे झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. शांतीची सुवार्ता तयारीने आणि अनेक हातांनी कशी निघते, ते शिशाच्या एकेका खिळ्यात तिथे दिसले.

मराठी ख्रिस्ती माणसाला सेवेचा हा धडा एकट्या बायबलातून मिळालेला नाही, हेही मोकळेपणाने सांगायला हवे. नारायण वामन टिळकांनी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हटले होते. तो पूल आमच्या दारावरून दरवर्षी जातो. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते, तेव्हा रस्त्याच्या कडेला माणसे वारकऱ्यांचे पाय चेपतात, फोडांना मलम लावतात, तुटलेल्या चपला शिवून देतात. अनोळखी म्हाताऱ्याची भेगाळलेली टाच मांडीवर घेऊन बसलेला कॉलेजातला मुलगा पाहिला की योहानाचा तेरावा अध्याय वेगळा वाचावा लागत नाही.

त्या अध्यायात येशू भोजनावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. पेत्र नको म्हणतो. सेवा करणे सोपे, करून घेणे अवघड, हे पेत्राइतके कोणी दाखवले नाही. या प्रसंगाची आठवण पवित्र गुरुवारी होते. कॅथलिक चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतले जातात. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये रोमच्या बालसुधारगृहातल्या कैद्यांचे पाय धुतले, मुलींचे आणि मुसलमानांचेही. २०१६ मध्ये या विधीत स्त्रियांनाही घेण्याचा नियम झाला.

गुरुवार. वर्षातून हा एक दिवस असा येतो की विजेच्या वेळापत्रकाने नेमलेली सुट्टी आणि मंडळीचा मोठा दिवस जुळतात. त्या संध्याकाळी चर्चमध्ये पाळीवाले दिसतात, घरचे कपडे घालून, बायकोमुलांसह. एका वर्षी बारा जणांच्या रांगेत चाकणला काम करणारा एक जण होता. त्याला आदल्या दिवशी सांगितले होते, म्हणून तो घरून पाय घासून आला होता, तरी लाजत होता. सेफ्टी शूजनी त्याच्या दोन्ही अंगठ्यांची नखे काळी पडली होती, घोट्यावर जाड घट्टा होता आणि मोज्याच्या रबराचा वळ पोटरीवर तसाच होता. फादर खाली वाकले, त्यांनी घंगाळातले पाणी हाताने चाचपून पाहिले, ते थंड वाटले असावे, कारण त्यांनी मागे वळून गरम पाणी मागवले. ते येईपर्यंत फादर तसेच गुडघ्यावर बसून राहिले, त्या माणसाची टाच तळहातावर धरून, आणि सगळे चर्च थांबले.